दोन मतांचा मतदार

निवडणुकीत मत कोणाला द्यावे, हा प्रश्न सामान्यतः उमेदवारांच्या गुणावगुणांचा मानला जातो. उमेदवार कसा आहे, त्याचा पक्ष कोणता, त्याने आजवर काय केले, याचा विचार करून मतदार आपला कौल देतो, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. मतदाराच्या हाती मते किती, ती त्याने कशी वाटावयाची आणि पुढे ती मोजावयाची कशी, हे कायदा ठरवीत असतो. ही रीत बदलली की त्याच मतदाराचा तोच विचार निराळे फळ देऊ शकतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहराने याचा जो दाखला पाहिला, तो आजही विचारात घेण्याजोगा आहे.

१९५१-५२ साली भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताधिकार मिळाला होता. मतदारांची संख्या सतरा कोटींवर होती आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मतदान सोपे ठेवले. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जावे आणि हातातली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावी, एवढेच काम होते. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आणि कम्युनिस्टांचे कणीस-विळा ही चिन्हे त्या काळी घरोघर माहीत झाली.

मात्र ही सुलभता सर्वत्र सारखी नव्हती. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदारसंघ होते ४०१. त्यांपैकी ३१४ मतदारसंघांतून एकेक सदस्य निवडावयाचा होता, ८६ मतदारसंघांतून दोन-दोन, आणि उत्तर बंगालच्या एका मतदारसंघातून तीन. दोन सदस्यांच्या मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण असे, तर दुसरी राखीव. राज्यांच्या विधानसभांतही हाच प्रकार होता. शहाजीराजांच्या जहागिरीतील बंगळूर, होसकोटे, कोलार ही गावे ज्या म्हैसूर राज्यात मोडत, त्या राज्याच्या विधानसभेचे ९९ सदस्य ८० मतदारसंघांतून निवडून आले. म्हणजे अनेक ठिकाणी मतदाराला एक नव्हे, तर दोन निर्णय करावयाचे होते.

या दोन मतांचा नियम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात घालून दिला होता. जितक्या जागा, तितकी मते. पण कोणत्याही एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. कोणी दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर एक मत मोजावे आणि दुसरे बाद करावे. गणना करताना राखीव जागा प्रथम भरली जाई. त्या वर्गातील सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून येई. उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला अधिक मते, तो दुसरा सदस्य होई.

यापूर्वीची रीत निराळी होती. १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्य वर्गाला संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मिळाल्या, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. अल्पसंख्य मतदारांना एकजुटीने आपला माणूस निवडून आणण्याचे ते साधन होते. त्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून निवडून आले आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने लक्षणीय यश मिळविले. नव्या कायद्याने ही मुभा काढून घेतली. प्रत्येक उमेदवाराने आपल्या समाजाबाहेरचीही मते मागावीत, हा या व्यवस्थेचा परिणाम होता. विशेष असे की, हा कायदा संसदेत मांडून तडीस नेणारे कायदामंत्री स्वतः आंबेडकरच होते.

१९५१ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. उत्तर मुंबई या दोन सदस्यांच्या मतदारसंघात ते राखीव जागेसाठी उभे राहिले. फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता झाला होता व सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे होते. काँग्रेसतर्फे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर ही जोडी होती. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे हेही रिंगणात होते.

आता त्या मतदाराची स्थिती ध्यानात घ्यावी. त्याच्या हातात दोन पत्रिका आहेत. फेडरेशनच्या अनुयायाने पहिली हत्तीच्या पेटीत टाकली. दुसरी झाडाच्या पेटीत टाकावी, असे त्याच्या नेत्यांनी सांगितले आहे. समाजवादी मतदाराने पहिली झाडाला दिली. दुसरी हत्तीला द्यावी, असे त्यालाही सांगितले आहे. पहिल्या मताचा निर्णय निष्ठेने होतो. दुसऱ्या मतासाठी मात्र मतदाराला आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकावे लागते, आणि मनातला दुजाभाव जर कोठे असेल, तर तो तेथेच प्रकट होतो.

१९५२ च्या जानेवारीत निकाल लागला. गांधींना १,४९,१३८ मते पडली आणि काजरोळकरांना १,३८,१३७. हे दोघे विजयी झाले. अशोक मेहतांना १,३९,७४१, आंबेडकरांना १,२३,५७६ आणि डांगे यांना ९६,७५५ मते मिळाली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष त्या घटनेखालील पहिल्याच निवडणुकीत १४,५६१ मतांनी पराभूत झाले.

हे आकडे बारकाईने पाहिले तर पुष्कळ काही सांगतात. मेहतांची मते आंबेडकरांच्या मतांपेक्षा १६,१६५ ने अधिक आहेत. एका मतदाराला एका उमेदवारास एकच मत देता येत असल्यामुळे याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. निदान १६,१६५ मतदारांनी मेहतांना मत दिले, पण त्यांच्याच जोडीने उभ्या असलेल्या आंबेडकरांना दिले नाही. आंबेडकरांच्या पराभवाच्या अंतराहून ही संख्या मोठी आहे. काँग्रेसच्या जोडीतही असेच अंतर पडले होते. ते ११,००१ मतांचे होते. समझोता नेत्यांत झाला, परंतु तो दुसऱ्या पत्रिकेपर्यंत पुरता पोहोचला नाही.

दुसरा मुद्दा बाद मतांचा. आंबेडकर व मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. ७४,३३३ मते बाद ठरली आणि दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकून दुसरे मत वाया घालवावे असा प्रचार झाला, असे त्यांचे म्हणणे होते. कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारावर त्यांचा रोख होता. अर्जाने निकाल बदलला नाही. परंतु मत ‘कुजविणे’ हा शब्द राजकीय व्यवहारात त्यामुळे ठळक झाला. दुसरे मत कोणालाच द्यावयाचे नाही, म्हणजे ते आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याच्या कामी येत नाही, असा त्यामागील हिशेब होता.

त्या वर्षी मुंबई राज्यातून आंबेडकर राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा लोकसभेसाठी उभे राहिले. मतदारसंघ पुन्हा दोन सदस्यांचा आणि सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता. या वेळी काही कार्यकर्त्यांनी असे सुचविले की, आपल्या अनुयायांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. आंबेडकरांनी त्यास नकार दिला, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून कळते. ज्याने घटना घडविली, त्याने मत वाया घालविण्याचा उपदेश करावा, हे त्यांना मान्य नव्हते. निकालात मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. आपल्या बाजूने पाळलेल्या शब्दाची ही किंमत होती आणि ती त्यांनी जाणून मोजली.

पुढची निवडणूक १९५७ ची. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले होते. महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन शिगेला पोहोचले होते आणि कम्युनिस्ट, समाजवादी, फेडरेशन हे सारे पक्ष समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. मध्य मुंबई या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून समितीचे दोन्ही उमेदवार निवडून आले. सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी परस्परांविरुद्ध उभे असलेले दोन पक्ष एकाच मतदाराच्या दोन पत्रिकांनी लोकसभेत गेले. कायदा तोच होता आणि पेट्यांची रीतही तीच. पण या वेळी दोन्ही मतांना जोडणारा एक प्रश्न मतदाराच्या मनात पक्का होता.

द्विसदस्य मतदारसंघांचे आयुष्य यानंतर फार उरले नाही. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ साली न्यायालयाने तो निकाल कायद्याला धरून असल्याचे मान्य केले. १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले. १९६२ च्या निवडणुकीपासून प्रत्येक मतदाराला लोकसभेसाठी एकच मत राहिले आणि राखीव मतदारसंघ स्वतंत्र झाले. मतदारसंघ लहान झाले, प्रचाराचा खर्च आटोपशीर झाला, मोजणीही सुटसुटीत झाली. या लाभांविषयी शंका नाही.

तथापि जे गेले, त्याचीही नोंद ठेवली पाहिजे. त्या दहा वर्षांत देशाच्या मोठ्या भागातील मतदाराला एकाच वेळी दोन प्रश्न विचारले गेले: तुझा माणूस कोण, आणि तुझ्या शेजाऱ्याच्या माणसांपैकी तुला मान्य कोण? पहिल्याचे उत्तर त्याने सहज दिले. दुसऱ्याला काहींनी पक्षाच्या शिस्तीने उत्तर दिले, काहींनी जातीच्या सवयीने, आणि अनेकांनी मत वाया घालवून उत्तरच टाळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आला. नाकारण्याला अशी राजमार्गाची वाट मिळाली. पण दुसरा प्रश्न परत आलेला नाही.

आज मतदान यंत्रापुढे उभा राहणारा मतदार एकच बटण दाबतो. तरी आपल्या जातीबाहेरच्या, आपल्या भाषेबाहेरच्या उमेदवाराचे नाव त्या यादीत असतेच. त्या नावाचा विचार आपण केला की नाही, हे मोजण्याचे साधन आता निकालाच्या आकड्यांत उरलेले नाही. उत्तर मुंबईच्या १९५२ च्या निकालात ते होते, आणि म्हणूनच ते सोळा हजार एकशे पासष्ट मतदार इतिहासाच्या नजरेतून सुटू शकले नाहीत.