रायफलची बैठक
रायफलची बैठक : ज्या पोलादी कोठीत बोल्ट मागेपुढे सरतो व जिच्या तोंडाशी नळी आट्यांनी जोडलेली असते ती कोठी, म्हणजेच ॲक्शन, दस्त्याच्या खोबणीत घट्ट टेकावी परंतु कोठेही पिळवटू नये, यासाठी करावयाची योजना. बार उडताच ॲक्शन मागे रेटली जाते, नळीला कंप सुटतो, आणि हे सारे शमल्यावर ती तिळमात्र फरक न होता मूळ स्थानी परतली नाही, तर नळी व दुर्बीण कितीही उत्कृष्ट असली तरी वेध विखुरल्याखेरीज राहत नाहीत. अक्रोडाचा दस्ता दमट हवेत फुगतो व कोरड्या हवेत आकसतो. अनेक जुन्या रायफलींच्या चंचलपणाचे मूळ तेथेच सापडते.

प्रत्याघाताचा भार ॲक्शनखालील एका खुंटावर येतो. १८९८ च्या मॉझर रायफलीत तो कोठीच्याच अंगचा आहे. १९६२ साली निघालेल्या रेमिंग्टन ७०० मध्ये नळी व कोठी यांच्या दरम्यान आवळलेली स्वतंत्र चकती तेच कार्य करते. या खुंटाची मागील बाजू दस्त्याला पूर्णपणे भिडली पाहिजे.

पूर्वी कारागीर धातूला काजळीचा पातळ लेप देऊन ॲक्शन खोबणीत दाबीत आणि लाकडावर जेथे काळा ठिपका उमटे तेवढाच अंश पटाशीने खरवडीत. असे शेकडो वेळा केल्यावर बैठक साधे. इपॉक्सी राळ सुलभ झाल्यानंतर अमेरिकेतील हौशी नेमबाजांनी हे काम घरच्या बाकावर आणले, आणि तेथील सैन्याच्या स्पर्धेसाठीच्या एम १४ रायफलींनाही काचतंतुमिश्रित राळेची बैठक देण्यात येऊ लागली.

खरे कौशल्य राळ ओतण्यात नसून त्यापूर्वीच्या तयारीत आहे. रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून बोल्ट काढावा. खोबणीतील तेलकट लाकूड खरवडून राळेस जागा करावी. स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसविल्यास लाकूड चेपत नाही. खुंटाची पुढील, खालची व दोन्ही बगलांची बाजू चिकटपट्टीने झाकावी, मागील मात्र उघडी ठेवावी, म्हणजे पट्टी काढल्यावर तेवढी फट राहून ॲक्शन पुढेही सुखाने निघते. कोठीतील प्रत्येक भोक व खाच मळलेल्या मातीने बुजवून सर्व धातूवर मेणाचा अखंड थर द्यावा. एखादी खाच विसरली, की राळ तीत शिरून कठीण होते आणि ॲक्शन व दस्ता यांची कायमची गाठ पडते. नळीवर पट्टीचे वेढे देऊन ती खोबणीच्या मध्यावर धरावी.

ॲक्शन राळेत बसविल्यावर स्क्रू करकचून आवळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बहुतेक बिघडलेल्या बैठकींचे कारण हेच. आवळलेली कोठी किंचित वाकते, त्या वाकलेल्या आकारावरच राळ घट्ट होते, आणि जो ताण नाहीसा करावयाचा तोच कायमचा होऊन बसतो. तिला केवळ रबरी नळीच्या हलक्या वेढ्याने जागेवर धरावे, बाहेर आलेली राळ ओली असतानाच पुसावी व सुमारे २४ तास हात लावू नये.

परीक्षा सोपी आहे. दस्त्याच्या अग्रभागी मापनाचे घड्याळ लावून त्याची सुई नळीस टेकवावी व एकच स्क्रू सैल करावा. काटा सुमारे २ सहस्रांश इंचाहून अधिक हलला, तर ताण उरला आहे असे समजून बैठक पुन्हा घालावी. नळी व दस्ता यांमधून कागदाचा कपटा कोठीपर्यंत अडथळ्यावाचून सरकला पाहिजे. एवढे करूनही झिजलेली नळी सुधारत नाही, आणि सदोष काडतुसांचा दोष बैठकीच्या माथी मारणे व्यर्थ होय.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये अग्निशस्त्राच्या दुरुस्तीसही स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. सबब येथील परवानाधारक नेमबाजाने हे काम घरी न करता अधिकृत शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे सोपवावे.