पाट अडतो कुठं? वनात की फायलीत?



आपल्याकडं तलावाचं किंवा चारीचं काम रखडलं की उत्तर ठरलेलं असतं, "वनखातं आडवं आलं." हे ऐकून गाव गप्प बसतं. म्हणून आज थोडा इतिहास.

आपली सिंदफणा पाटोदा तालुक्यातल्या चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते, शिरूरवरून पुढं जाते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. तिच्यावर मोठं धरण झालं ते खाली माजलगावला. जायकवाडीचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवाही गेवराईकडून तिकडंच जातो. आपण पडलो उंचावर, आणि कालव्याचं पाणी काही चढ चढत नाही. त्यामुळं आपला भरवसा लहान तलावांवर, बंधाऱ्यांवर आणि त्यांच्या चाऱ्यांवर. त्यांच्या जागा निघतात डोंगराच्या पायथ्याला, आणि वनाचे गटही बऱ्याचदा तिथंच असतात.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींनी. त्या काळात वनाची जमीन धरणा-कालव्याला द्यायची का, हे राज्य सरकार स्वतःच ठरवत होतं. १९७६ च्याच ४२ व्या घटनादुरुस्तीनं 'वने' हा विषय समवर्ती सूचीत गेला. मग २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वमंजुरी लागणार, असं ठरलं. कारणही खरं होतं. देशभर वनं झपाट्यानं कमी होत होती.

१२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे वन, ते वनच. तेव्हापासून कागद आणखी वाढले.

सरकारच्या रेघोट्याही कधी कधी भलत्याच असतात. १९७९ साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं, गावं सगळंच आलं. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आष्टीला उजनीचं पाणी यायचं ते त्याच बाजूनं.

पण सगळा दोष कायद्याला देऊन चालणार नाही. मंजुरीची वाट ठरलेली आहे. प्रस्ताव, जागेची मोजणी, पर्यायी वनीकरण, पैसे भरणं, आधी तत्त्वतः मंजुरी, मग अंतिम. यातला एक कागद राहिला की फाईल परत येते, आणि इकडं गावाला सांगितलं जातं, "वर पाठवलंय."

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२). त्यात लहान पाटचाऱ्या, तलाव, पाणी साठवण्याची कामं यांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही मंजुरी जिल्ह्याच्या पातळीवर, उपवनसंरक्षकांकडून मिळते, दिल्लीला जावं लागत नाही. हा कायदा आदिवासी आणि तीन पिढ्या वनावर जगणाऱ्या इतर लोकांसाठी आहे, त्यामुळं आपलं गाव त्यात बसतं का ते आधी तपासावं लागेल. पण तपासायला तरी कुणी बसलंय का?

झाडं हवीत की पाणी, असा हा वाद नाहीच. डोंगर बोडका झाला तर तलाव गाळानं भरतो, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना कायदा न वाचताही कळतं. वाद आहे तो वेळेचा. फाईल टेबलावर असते तेवढ्या वर्षांत एक पिढी कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊन येते आणि तिची पोरंही त्याच ट्रॅक्टरवर बसतात.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. वनाचा गट कोणता आणि किती गुंठे? प्रस्ताव कोणत्या तारखेला दाखल झाला? आज तो कुणाच्या टेबलावर आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तरावर आपण लई वर्षं काढली.