दर्या आणि दऱ्या

पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला दऱ्या. वसई, पालघर, डहाणू हे किनाऱ्याचे तालुके. जव्हार आणि मोखाडा हे डोंगराचे. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ या दुसऱ्या मुलखातली. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांत फरक एवढाच की, पहिल्यात र रफार होऊन डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात आडवी रेघ होऊन पुढच्या व्यंजनाला चिकटतो. आचार्यांना दक्षिणा आणि आचाऱ्यांना मजुरी, हा भेद आपण शाळेतच शिकतो. हिंदीला या आडव्या रेघेवाचून अडत नाही. मराठीचे मात्र पदोपदी अडते. शेतकऱ्यांचा, खोऱ्यातला, वाऱ्यावर, पायऱ्या – सामान्यरूप झाले की ती रेघ हजर.

मुक्तस्रोत आज्ञावलींचा विषय निघाला की बोलणे बहुधा किमतीवर येते. ही प्रणाली फुकट, ती विकत. म्हणून ही चांगली. आम्हांला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने मुक्तस्रोताकडे वळावे ते पैसे वाचतात म्हणून नव्हे. अक्षर बिघडले तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास मराठीत या आडव्या रेघेइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

छापखान्यांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या खिळ्यांचे देखणेपण आजही जाणकार वाखाणतात. खिळे विकत घेतले की ते मुद्रकाच्या मालकीचे. झिजले तर वितळवता येत, एखादे जोडाक्षर कमी पडले तर पाडून घेता येई. आणि कागदावर उमटलेले पान वाचण्यासाठी वाचकाला ओतशाळेची परवानगी लागत नसे. आज दीडशे वर्षांनंतरही ते पान वाचता येते.

संगणकाने ही साधी व्यवस्था मोडली. सुरुवात खरे तर चांगली होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम झाले होते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर 'जिस्ट' या नावाने ते पुढे चालले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय प्रमाणही ठरले. पण अक्षरजुळणीच्या बाजारात त्याच दशकात वेगळीच रीत रूढ झाली. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या २५६ घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे आणि पडद्यावर मराठी दिसली की काम झाले असे मानायचे. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक टंकनिर्माता आपापल्या मर्जीने ठरवी. टंक, म्हणजे फाँट, बदलला की मजकुराचा चिखल होई.

आमच्याजवळ १९९८ सालच्या टिपणांची एक फाईल आहे. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ ही गावांची नावे तीत कुठेतरी असली पाहिजेत. आज ती उघडली तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चलनाची चिन्हे दिसतात. जो टंक वापरला होता तो आता आमच्याकडे नाही, आणि त्याची मांडणी कधी जाहीर झाली नव्हती. निर्णयसागरचे पान वाचता येते, आमचे स्वतःचे टिपण वाचता येत नाही. त्या दशकातील किती प्रबंध आणि किती नियतकालिकांच्या जुळण्या अशा मुक्या झाल्या असतील, याची आम्ही केवळ कल्पना करू शकतो.

तिकडे पश्चिमेत या मालकीच्या प्रश्नावर वाद आधीच पेटला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली चालवावी, तपासावी, बदलावी आणि बदललेली इतरांना द्यावी, अशी मोकळीक वापरणाऱ्याला हवी, हे त्यांचे म्हणणे. १९८९ मध्ये त्यांनी ते 'जीपीएल' या परवान्यात बांधले. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ मधला. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. युनिकोड ही आज्ञावली नव्हे, ते प्रमाण आहे. पण ते उघडे आहे, आणि मुक्त आज्ञावलींना मराठी शिकवता आली ती त्याच्या आधाराने.

युनिकोडने मराठीवर लगेच न्याय केला असे मात्र नाही. देवनागरीचा तक्ता इस्कीवरून घेतला गेला. त्यात 'ऱ' हे अक्षर आहे, पण त्याची नोंद द्राविडी भाषांतील ध्वनी लिहिण्यासाठीचे अक्षर अशी! आपली आडवी रेघ त्या अक्षराचे अर्धे रूप म्हणून मिळते. साध्या र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही ती मिळते. दोन्ही रीती प्रमाणात बसतात आणि डोळ्यांना सारख्या दिसतात. परंतु संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. म्हणून एका रीतीने 'शेतकऱ्यांचा' शोधावे तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला 'शेतकर्‍यांचा' सापडेलच असे नाही. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधकाने हे ध्यानात ठेवलेले बरे. 'ॲ' हे अक्षर तर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. तोवर 'अ'वर चंद्र चढवून वेळ मारून न्यावी लागे.

मग मोकळेपणाचा लाभ कोणता? हाच, की हे दोष आम्ही आज नेमके सांगू शकतो. प्रमाण जाहीर आहे, त्याच्या आवृत्त्या जाहीर आहेत, दुरुस्तीची मागणी कोणालाही करता येते. 'ॲ' अशाच दुरुस्तीतून आला. बंद टंकातली चूक वापरणाऱ्याला फक्त सोसता येते.

टंकांचेही तसेच. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' टंकमालिका जीपीएलखाली खुली केली. २०११ मध्ये ती टंकांसाठीच्या खास मुक्त परवान्याखाली आली. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त' हा टंक २०१४ मध्ये तशाच परवान्यावर आला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे अधिकृत केली; मुक्त टंकात ती कोणीही घडवून घालू शकतो, परवानगीसाठी अर्ज करावा लागत नाही. खिळा पुन्हा मुद्रकाच्या हाती आला, असे म्हणायला हरकत नसावी.

उत्साहाच्या भरात एक गोष्ट मात्र झाकू नये. बहुतेकांच्या हातात आज मुक्त प्रणालीचा संगणक नाही, अँड्रॉइडचा फोन आहे. त्याच्या तळाशी लिनक्स आहे; अक्षरे जुळवणारे 'हार्फबझ' मुक्त आहे; 'नोटो' हा टंकही मुक्त आहे. देवनागरीची नीट जुळणी त्यात २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून येऊ लागली. पण वरचे मजले बंद आहेत, आणि मजकूर साठतो तो बहुतेक तिथेच. पाया सार्वजनिक आणि कुलूप खासगी, अशी ही वास्तू आहे.

शिवाय मोकळीक मिळाली म्हणजे काम झाले, असेही नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीच्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्यांवर लिनक्स आणि मुलांसाठी रचलेली 'शुगर' ही मुक्त प्रणाली होती. ते यंत्र आता इतिहासजमा झाले. शुगरचे काम २००८ पासून स्वतंत्रपणे स्वयंसेवक चालवतात, कारण तिचा स्रोत कोणाच्या तिजोरीत नव्हता. यंत्रे मरतात, उघडा स्रोत उरू शकतो. पण उरण्यासाठी त्याला माणसे लागतात.

ही अट सूर्यमाळच्या परिसरालाही लागू आहे. तिथे वारली आणि कोकणा बोलल्या जातात. त्या देवनागरीत लिहिता येतात, टंक आणि कळफलक तयार आहेत. त्यांचे शब्द नोंदवणारे, शुद्धलेखन-तपासनिसाने लाल रेघ मारलेला शब्द चुकीचा नसून वारली आहे असे सांगणारे हात मात्र तयार करावे लागतील. ते काम अभियंत्यांचे कमी आणि भाषेच्या विद्यार्थ्यांचे अधिक आहे.

तोवर प्रत्येक मराठी विभागाला एवढे करता येईल: प्रबंध युनिकोडमध्ये आणि मुक्त टंकात घ्यावेत, जुन्या फायली उघडतात तोवर रूपांतरित कराव्यात, आणि आडव्या रेघेची एकच रीत ठरवून पाळावी. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी मोखाड्याच्या दऱ्या शोधू लागेल, आणि त्याच्या हाती डहाणूचा दर्या तेवढा लागेल.