राज्य कामगार विमा कायद्यातील करार : कलम ५८ चा विचार

राज्य कामगार विमा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये संमत झाला, त्या वेळी कोल्हापूर हे संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९०६ साली पाया घातल्या गेलेल्या शाहू मिलसारख्या येथील कारखान्यांना मुंबई सरकारचे कायदे लागू झाले. विमेदार कामगाराच्या औषधोपचाराची जबाबदारी या कायद्याने त्याच सरकारवर टाकली होती.

या कायद्याची चर्चा बहुधा वर्गणीच्या दरांपाशीच थांबते. त्याचे खरे वैशिष्ट्य कलम ५८ मध्ये आहे. कामगार व मालक यांची वर्गणी गोळा करावयाची ती केंद्रीय महामंडळाने. उपचार पुरवावयाचे ते राज्य सरकारने. १९३५ च्या कायद्यान्वये रुग्णालये हा प्रांतिक विषय होता, तेव्हा ही विभागणी जवळजवळ अपरिहार्यच होती. पैसा एकाकडे व रुग्ण दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाल्यावर दोघांना बांधणारे एकच साधन उरते, ते म्हणजे करार. उपचारांचे स्वरूप, प्रमाण व खर्चाची वाटणी करारानेच ठरावयाची होती.

त्यातील पोटकलम २ विशेष मननीय आहे. एखाद्या राज्यात आजारपणाच्या भत्त्याचे प्रमाण अखिल भारतीय सरासरीहून वाढले, तर जादा रकमेचा वाटा राज्य सरकारनेही उचलावा, असे त्यात म्हटले होते. उपचार निकृष्ट असतील तर आजार लांबेल व भत्ता वाढेल, हा त्यामागील तर्क दिसतो. तर्क चतुर खरा. परंतु भत्ता वाढण्यास सूतगिरणीतील कोंदट हवाही कारण होऊ शकते, आणि भत्ता कमी करण्याचा सोपा मार्ग उपचार सुधारणे हा नसून दाखले आखडते घेणे हा असतो. वसुली माफ करण्याचा अधिकार महामंडळाकडे ठेवण्यात आला होता, यावरून कायदेकर्त्यांनाही या मापाची पुरती खात्री नसावी असे वाटते.

खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांतून उपचार देण्याची मुभा याच कलमात होती. मुंबईत १९५४ पासून हीच पॅनेल पद्धती चालली. डॉक्टरला मोबदला मिळे तो नोंदलेल्या माणशी, तपासणीगणिक नव्हे.

महामंडळ व सरकार यांचे न जुळल्यास भारताच्या सरन्यायाधीशांनी नेमलेल्या लवादाचा निवाडा उभयतांवर बंधनकारक असे. ज्याच्या मजुरीतून वर्गणी कापली जाई, तो कामगार या करारात पक्षकार नव्हता व लवादापुढेही नव्हता. १९८९ साली कलम ५९-अ आले आणि राज्य सरकारशी विचारविनिमय करून उपचारांची जबाबदारी स्वतःकडे घेण्याची मोकळीक महामंडळाला मिळाली. कामगाराचे स्थान तेवढ्याने पालटले नाही.