रँड, पॉल

रँड, पॉल : (१५ ऑगस्ट १९१४ – २६ नोव्हेंबर १९९६). अमेरिकन ग्राफिक डिझायनर, अध्यापक व लेखक. आयबीएम, वेस्टिंगहाउस, यूपीएस, एबीसी, कमिन्स, नेक्स्ट इ. कंपन्यांच्या बोधचिन्हांचा कर्ता म्हणून प्रसिद्ध. बोधचिन्ह काढणे हे अमेरिकेत पुष्कळदा जाहिरातखात्याने परस्पर उरकण्याचे काम समजले जाई. कंपनीच्या अध्यक्षाने स्वतः लक्ष घालून ठरवण्याचा तो विषय झाला, यात रँडचा वाटा फार मोठा आहे.

जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, एका कर्मठ ज्यू कुटुंबात. मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. वडिलांचे किराणा दुकान होते आणि त्याच्या पाट्या मुलगा रंगवी. चित्रकलेवर पोट भरेल यावर वडिलांचा विश्वास नव्हता. त्यामुळे दिवसा नेहमीची शाळा आणि रात्री प्रॅट इन्स्टिट्यूटचे वर्ग असा क्रम ठरला. पुढे पार्सन्स स्कूलमध्ये आणि आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये जर्मन चित्रकार जॉर्ज ग्रॉस याच्याकडे तो शिकला. तरी त्याचे खरे शिक्षण युरोपीय, विशेषतः जर्मन, कलामासिके चाळताना झाले असे म्हणावे लागते. चित्रकार पॉल क्ले, भित्तिपत्रककार कासांद्र आणि बाउहाउस या जर्मन कलाशाळेची मंडळी त्याला तिथेच भेटली. १९३०नंतरच्या दशकात त्याने नाव बदलले. नवे नाव इंग्रजीत चार-चार अक्षरांचे, आटोपशीर होते. पाटी रंगवणाऱ्याला सोयीचेच.

१९३८ ते १९४५ या काळात ‘डायरेक्शन’ या मासिकाची मुखपृष्ठे त्याने बिनमोबदला केली. अट एकच होती, कामात कोणी हात घालू नये. त्यांपैकी डिसेंबर १९४०च्या मुखपृष्ठावर नाताळच्या भेटवस्तूची फीत म्हणून काटेरी तार आडवी-उभी ताणलेली आहे. युद्धात होरपळणाऱ्या युरोपविषयी त्या दोन रेघा पुरेसे सांगून जातात. १९४१ पासून तो विल्यम वाइनट्रॉब यांच्या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होता. १९४७ साली ‘थॉट्स ऑन डिझाइन’ हे त्याचे पुस्तक आले, तेव्हा तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता.

कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते आयबीएममुळे. कंपनीचा प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटा) याला न्यूयॉर्कमधील ऑलिव्हेत्ती या इटालियन कंपनीचे देखणे दालन पाहून आपल्या कंपनीचा गबाळेपणा खटकला होता. वास्तुविशारद एलियट नॉइज याला त्याने सल्लागार नेमले आणि नॉइजने रँडला आणले. १९५६ सालचा रँडचा पहिला बदल सौम्य होता. जुनी जाड अक्षरे काढून त्याच घाटाची, पण चौकोनी आणि रेखीव अक्षरे त्याने बसवली. बदल ग्राहकाच्या डोळ्यांवर आदळू नये, हा त्यातला हिशेब. मात्र अडचण उरलीच. इंग्रजीतील ‘आय’ अरुंद, ‘बी’ त्याहून रुंद आणि ‘एम’ सर्वांत रुंद. त्यामुळे शब्द एका बाजूला कलल्यासारखा वाटतो. उपाय म्हणून त्याने अक्षरांवरून आडव्या पट्ट्या ओढल्या. सारख्या जाडीच्या पट्ट्यांनी तिन्ही विषम अक्षरे एका विणीत आली. कायदेशीर कागदपत्रांवर सही खोडून बदलता येऊ नये म्हणून बारीक रेघा छापलेल्या असतात, त्यांच्यावरून ही कल्पना सुचल्याचे तो सांगे. आठ पट्ट्यांचे हे रूप १९७२ साली रूढ झाले. कंपनी त्याला फार जपे, रँड स्वतः मात्र त्याच्याशी खेळला. १९८१च्या भित्तिपत्रकात त्याने डोळा (इंग्रजीत ‘आय’), मधमाशी (‘बी’) आणि पट्ट्यांचा ‘एम’ मांडून कंपनीचे नाव उच्चारातून वाचायला लावले. त्याच्या साऱ्या कामातला हा सर्वांत मोकळा क्षण मानायला हरकत नाही.

वेस्टिंगहाउसच्या चिन्हात (१९६०) ‘डब्ल्यू’च्या टोकांवर ठिपके ठेवून त्याने वीजमंडलाचा भास निर्माण केला. यूपीएस या पार्सल कंपनीच्या ढालीवर (१९६१) त्याने फीत बांधलेले पुडके ठेवले. ते आपल्या लहान मुलीला दाखवताच तिने भेटवस्तू म्हणून ओळखले, ही हकिगत तो आवडीने सांगे. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीसाठी (१९६२) काळ्या वर्तुळात तीन गोल, लहान अक्षरे आली. ती बाउहाउसच्या हर्बर्ट बायरच्या अक्षरवळणाशी उघड नाते सांगतात. सगळेच प्रस्ताव स्वीकारले गेले असे नाही. फोर्डसाठी १९६६ साली सुचवलेले रूप कंपनीने घेतले नाही.

रँडची कामाची पद्धत त्याच्या चिन्हांइतकीच गाजली. तो ग्राहकापुढे एकच पर्याय ठेवी आणि त्यापर्यंत कसा पोहोचलो हे सांगणारी पुस्तिका स्वतः रचून सोबत देई. १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज त्याच्याकडे नेक्स्ट या नव्या संगणक कंपनीसाठी गेला. आयबीएमचा सल्लागार म्हणून रँडला आधी तिथून परवानगी घ्यावी लागली. जॉब्जने दोन-तीन पर्याय मागितले. रँडने नकार दिला. उत्तर मी देईन, वापरायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पैसे मात्र दोन्ही परींनी द्यावे लागतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मोबदला १ लाख डॉलर होता. २८ अंशांत कललेला काळा घन, त्यावर चार रंगीत अक्षरे आणि सुमारे शंभर पानांची पुस्तिका त्याने सादर केली. एका अक्षराचा पिवळा रंग जॉब्जला अधिक भडक हवा होता. रँडने तोही बदलू दिला नाही. दोन हट्टी माणसांचा हा व्यवहार बिनसला नाही, याचेच नवल. या पद्धतीमागे अहंकार होताच. मात्र पुस्तिका वाचणाऱ्या ग्राहकाला रँड आपल्या बरोबरीचा समजे, हेही नोंदवायला हवे.

बोधचिन्हाविषयीचे त्याचे मत व्यवसायाला फारसे सोयीचे नव्हते. चिन्ह माल विकत नाही, ते ओळख पटवते. त्याला मोल येते ते कंपनीच्या मालामुळे आणि वागणुकीमुळे, असे तो लिहून गेला. एन्रॉन या ऊर्जा कंपनीसाठी त्याने अखेरच्या काळात कललेला ‘ई’ केला. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी हिशेबातील गैरव्यवहारांसह कोसळली आणि ते चिन्ह ‘वाकडा ई’ म्हणून चेष्टेचा विषय झाले. रेषा तीच होती, अर्थ पार फिरला.

१९५६ पासून तो येल विद्यापीठात शिकवत होता. स्वित्झर्लंडमधील ब्रिसागो येथील येलच्या उन्हाळी वर्गांतही त्याने अध्यापन केले. आकार हा आशयापासून वेगळा काढता येत नाही, यावर त्याचा भर असे. १९९०नंतर येलच्या ग्राफिक डिझाइन विभागाची सूत्रे शीला लेव्हरांट डी ब्रेटव्हिल हिच्याकडे गेली आणि सामाजिक प्रश्नांना अभ्यासक्रमात जागा मिळू लागली, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि १९९२ साली नव्या प्रवाहांवर कडाडून टीका करणारा लेख लिहिला. त्यातला काही भाग आज ताठर वाटतो. विद्यार्थ्यांचे प्रश्न बदलले होते, हे मान्य करायची त्याची तयारी नव्हती.

‘अ डिझायनर्स आर्ट’ (१९८५), ‘डिझाइन, फॉर्म अँड केऑस’ (१९९३) आणि ‘फ्रॉम लास्को टू ब्रुकलिन’ (१९९६) ही त्याची इतर पुस्तके. पत्नी अ‍ॅन रँड हिच्यासोबत त्याने मुलांसाठी केलेली पुस्तकेही, विशेषतः ‘स्पार्कल अँड स्पिन’ (१९५७), पाहण्यासारखी आहेत. कनेटिकट राज्यातील नॉरवॉक येथे त्याचे निधन झाले. यूपीएसने फितीचे पुडके २००३ साली काढून टाकले. आयबीएमच्या आठ पट्ट्या अजून वापरात आहेत.