घाटातला शिंग्रोबा

मंडळी, मुंबईहून पुण्याकडे जुन्या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर खोपोली सोडून घाट चढताना कडेला एक लहानसे देऊळ तुमच्या नजरेस पडले असेल. पडले नसेल तरी नवल नाही. घाटात सगळ्यांचा जीव वळणात अडकलेला असतो. पण मोटार हाकणारे त्याला चुकवीत नाहीत. गाडी हळू करतात, नाणे टाकतात, कपाळाला हात लावतात आणि पुढे होतात.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे मुद्दाम उतरलो. ड्रायव्हरला विचारले, "हा कोणत्या देवाचा अवतार?"

"अवतार-बिवतार काही नाही, साहेब. धनगर होता. वाट दाखवली त्यानं."

त्याचे नाव शिंग्रोबा. कथा तुम्ही ऐकली असेल. इंग्रज इंजिनिअर डोंगरात वाट शोधून थकले. या धनगराने आपल्या जनावरांच्या पायाखालची वाट त्यांना दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, "माग काय हवं ते." धनगर म्हणाला, "आमचा मुलूख मोकळा करा." उत्तर मिळाले ते बंदुकीच्या गोळीने.

आता शिक्षकबंधू विचारतील, वाट कोणती, गाडीरस्त्याची की आगगाडीची? कोणी हे सांगतो, कोणी ते, आणि दोहोंत तीस वर्षांचे अंतर आहे. शिवाय बोरघाट काही इंग्रजांनी शोधलेला नव्हे. घाटमाथ्याजवळच कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखात कोकणातल्या सोपाऱ्याच्या माणसाचे दान नोंदलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक या डोंगरातून चढत-उतरत होते.

मग दाखवायचे काय राहिले होते? चढ! पायी माणूस आणि लमाणांचे बैल उभा चढही चढतात. चाकाला तो चालत नाही. गाडीरस्ता १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, खुला झाला. आगगाडीचे तर आणखी नाजूक. इथे रूळ १८३१ फूट वर न्यायचे होते आणि चढ ठेवला सदतीस फुटांना एक फूट, तोही जास्तीत जास्त. डोंगराच्या कुशीकुशीने असा चढ सापडवायचा तर नकाशा हवाच, पण रोज तिथे वावरणारा माणूसही हवा. शेळ्यामेंढ्या उतारावर आडव्या चालतात, हे तुम्हांला मी काय सांगावे? म्हणून कथेतला तपशील बाजूला ठेवला तरी धनगराने वाट दाखवली हे मला अगदी पटते.

गोळीचे काय? तिथे मी कागद मागत बसत नाही. त्या घाटात पुढे काय घडले ते पाहतो. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर खवळले, दंगा झाला आणि ठेकेदाराला ठेका सोडावा लागला. दुसरा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने मेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका आपल्या अंगावर घेतला आणि काम तडीस नेले. बाईची हिंमत मानलीच पाहिजे. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली काम पुरे होण्याआधी १८६२ साली वारला. एप्रिल १८६३ मध्ये घाट सुरू झाला, तेव्हा पंचवीस बोगदे तयार होते.

या तिघांची नावे पुस्तकांत मिळतात. पण १८६१ च्या सुमारास तिथे बेचाळीस हजार मजूर राबत होते. पटकीने झोपड्याच्या झोपड्या ओस पडत, आणि उरलेले पळून जात. त्यांतल्या एकाचे तरी नाव सांगा पाहू! मला येत नाही. घाटात काम करून मोबदला मागणाऱ्याचे जे एक नाव लोकांनी तोंडी जपले, ते या धनगराचे.

देवळापाशी मी थोडा वेळ बसलो. एक मालट्रक चढावर धापा टाकीत आला. क्लीनरने खिडकीतून नाणे फेकले. ते पायरीवर आपटून गवतात गेले. आमचा ड्रायव्हर उठला, गवत चाळून त्याने ते शोधले आणि शिंग्रोबापुढे नेऊन ठेवले.

"त्याचं त्याला मिळायला पाहिजे," म्हणाला, आणि गाडी सुरू केली.