नागपुरातील जमातवादी संघर्ष (१९२३–१९२७)

मशिदीवरून वाद्ये वाजवीत मिरवणूक नेण्याच्या प्रश्नावरून नागपुरात १९२३ ते १९२७ या काळात निर्माण झालेला हिंदू-मुस्लिम तणाव या नावाने ओळखला जातो. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा ज्यात होता, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडची नागपूर ही तेव्हा राजधानी होती.

पार्श्वभूमी

१९०९ च्या कायद्याने मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९१६ च्या लखनौ करारात मध्य प्रांतासाठी त्यांचे प्रमाण १५ टक्के ठरले. धर्म ही अशा रीतीने राजकीय ओळखही बनली. तरीही डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला, तेव्हा खिलाफतीच्या प्रश्नावर दोन्ही समाज एकत्र होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार स्थगित होताच ही एकजूट ओसरली. पुढे एकीकडे शुद्धी व संघटन, तर दुसरीकडे तबलीग व तंझीम या चळवळींनी जोर धरला.

घटनाक्रम

१९२३ मध्ये मिरवणुकींवरील निर्बंध मोडण्यात आले. बा. शि. मुंजे हे हिंदू सभेच्या कार्यात अग्रभागी होते. १९२५ च्या विजयादशमीस केशव बळीराम हेडगेवार यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. सप्टेंबर १९२७ मध्ये मिरवणुकीच्या निमित्ताने दंगल उसळून जीवितहानी झाली.

स्वरूप

धर्मभेद शहराला नवा नव्हता. याच नागपुरात रघुजीराव भोसले यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना (निधन १९२५) शक्करदऱ्यातील आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले होते आणि त्यांच्या दर्शनास हिंदूही येत. श्रद्धेतील भिन्नता तीच राहिली. मात्र रस्त्यावरील वाद्य हा प्रतिष्ठेचा, संघटनेचा व प्रतिनिधित्वाचा प्रश्न झाल्यावर भेदाचे रूपांतर संघर्षात झाले.